पेपरातली घासाघीस

मी पहिल्या वर्षाला आपटलो, ही बातमी निकाल लागायच्या आधीच सिद्धेश्वरच्या धरणातल्या माशांना कळली होती. खोटं वाटत असेल तर तिकडच्या मासेवाल्यांना विचारा. त्या दिवशी त्यांच्या जाळ्यात एक मासा गावला नाही. सगळे तळाशी गोळा होऊन माझ्या गणिताच्या मार्कांवर बोलत बसले होते म्हणे. मग माणसांचं काय सांगावं. तालुक्याच्या कॉलेजात निकाल बघून मी जीपनं आमच्या गावी, जवळा बाजारला उतरलो, तर स्टँडवरच्या चहावाल्यानं न मागता कपात साखर वाढवली. हा माणूस एरवी साखर अशी टाकतो, की जणू डोळ्यात औषध घालून राहिला. त्यानं हात सैल सोडला तेव्हाच मी ओळखलं, की गावानं माझं सांत्वन सुरू केलं.

बी.एस्सी.चं पहिलं वर्ष. रसायनशास्त्राचे दोन पेपर गेले, गणिताचा एक गेला. बाकीचे सुटले, कसे सुटले ते त्या पेपरांनाच माहीत. राहिलेले विषय पाठीवर घेऊन दुसऱ्या वर्षाला बसता येतं. त्याला एटीकेटी म्हणतात, आणि आमच्या कॉलेजात ती इतक्या जणांच्या पाठीवर होती, की ती लाज न वाटता गणवेश वाटायची. पण एक अट होती. पहिल्या वर्षाचं ओझं दुसरं वर्ष संपेपर्यंत उतरलं नाही, तर तिसऱ्या वर्षाचं दार बंद. मग घरी बसा. माझ्या कैक मित्रांना घरी बसण्यात काही तकलीफ नव्हती. मला होती, कारण मला तिसऱ्या वर्षाच्याही पुढं जायचं होतं. मला विद्यापीठात जायचं होतं.

हे खूळ डोक्यात शिरलं ते माझ्या तोंडामुळं. विद्यापीठात युवक महोत्सव भरतो, तिथं कॉलेजानं मला नकला करायला नेलं होतं. मी एकटा अख्खा बैलबाजार उभा करायचो. दलाल मी, शेतकरी मी, बैल मी, आणि बैलाला पसंत न पडलेलं गिऱ्हाईकही मीच. माझा बैल हंबरला तेव्हा विद्यापीठाच्या मागच्या शेतातल्या दोन गायी दावं तोडून मंडपात आल्या. बक्षीस मात्र दुसऱ्याच कॉलेजाला गेलं. परीक्षकांना जनावरातलं कळत नसावं.

ओरडून घसा कोरडा झाला म्हणून पाणी शोधत हिंडत होतो, तर रसायनशास्त्र विभागाच्या एका उघड्या दारापाशी पोचलो. आत माझ्याच वयाची एक पोरगी उभी होती. पुढ्यात उभी बारीक काचेची नळी, खाली चंबू. नळीतून थेंब थेंब पडत होता आणि ती चंबू हलवत होती. पाण्यासारखं पाणी. थेंब, हलव. थेंब, हलव. आणि एका थेंबाला ते अख्खं पाणी फिकं गुलाबी झालं. तिनं नळीची तोटी बंद केली, आकडा लिहिला, आणि जसं काही झालंच नाही असं पुढचं काम घेतलं. मी पाणी प्यायचं विसरलो. ह्या प्रकाराला टायट्रेशन म्हणतात हे मला पुस्तकातल्या चित्रावरून माहीत होतं. आमच्या कॉलेजातही प्रयोगशाळा होती, पण तिची किल्ली शिपाईमामांकडं असायची आणि शिपाईमामा सोयाबीनमध्ये असायचे. त्या दारात उभं राहून मी मनाशी ठरवलं, की आपल्याला इथं यायचंय. बसायला खुर्ची नाही दिली तरी चालेल, पण ती तोटी एकदा आपल्या हातात पाहिजे.

आणि असं ठरवून, छाती काढून, मी आपटलो.

कसा आपटलो ते सांगायचं तर आधी आमचा धंदा सांगावा लागतो. माझे वडील, आम्ही त्यांना दादा म्हणतो, बाजारोबाजारी फिरून कासरे, दावी, वेसणी, मोरक्या, घुंगरमाळा विकतात. जनावराला बांधायचं आणि नटवायचं जे काही आहे ते सगळं. जवळा बाजारचा आठवडी बाजार हा आमचा घरचा बाजार. तिथं आमच्या पालाला, म्हणजे कापड ताणून केलेल्या दुकानाला, लागून काकणंवाल्या चाचांचं पाल, आणि दोघांच्या मधून जायला कुत्र्यालासुद्धा अंग चोरावं लागतं. मी चालायला लागलो ते त्या दोन पालांच्या मधे आणि बोलायला लागलो ते थेट भाव सांगतच.

आमच्या धंद्यात पहिला भाव हा भाव नसतो. ती बोलायची सुरुवात असते. दादा आधी चढा आकडा सांगतात, गिऱ्हाईक कानाला हात लावून दोन पावलं मागं जातं, दादा त्याच्या बैलांची चौकशी करतात, गिऱ्हाईक परत येतं, निम्म्यावर मागतं, आणि शेवटी दोघंही आपण दुसऱ्याला लुटलं या आनंदात घरी जातात. एकदा कुणी परगावचे साहेब आले. कासऱ्याचा पहिला भाव ऐकला, तेवढे पैसे दिले, कासरा उचलला आणि गेले. दादांना जेवण गेलं नाही. "आपलं काय चुकलं बा त्या मानसाचं," असं तीन-तीनदा म्हणाले. शेवटी मला त्यांच्या मागं पळवलं आणि एक घुंगरमाळ फुकट देऊन यायला लावली. साहेबांकडं बैल नव्हता. त्यांनी ती म्हणे मोटारीला बांधली.

तर अशा घरातलं पोरगं पेपर कसा लिहील? प्रश्नात चार मुद्दे मागितले की मी अकरा द्यायचो. माझा हिशेब सरळ होता. परीक्षक म्हणजे गिऱ्हाईक. तो कापणारच. चार दिले आणि त्यातले दोन कापले तर आपल्या हातात काय उरतं? अकरा दिले तर त्यानं कितीही कापले तरी चार उरतातच. गणितात तर मी एकेका उदाहरणाची तीन-तीन उत्तरं काढून तिन्हींच्या खाली दोन-दोन रेघा मारायचो. माझ्या पुरवण्या पुरवता पुरवता परीक्षा विभागाचा सुतळीचा गुंडा संपला होता. पेपर इंग्रजीत, त्यामुळं थापाही इंग्रजीत माराव्या लागायच्या, ती मेहनत वेगळी. एवढा भरगच्च माल मांडूनही गिऱ्हाईक रिकाम्या हातानं गेलं, याचं मला मनापासून नवल वाटलं होतं.

दुसऱ्या वर्षाला आम्हाला रसायनशास्त्राला एक नवीन मॅडम आल्या. आमच्याहून सहा-सात वर्षांनी मोठ्या असतील. साखऱ्याच्या, म्हणजे जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाच्या. घरी कोरडवाहू शेती. कॉलेजात तासिका तत्त्वावर होत्या, म्हणजे जितके तास शिकवाल तितक्याचाच मेहनताना. अशा माणसानं घंटा झाली की निघून जावं, कुणी नाव ठेवणार नाही. ह्यांनी पहिल्याच आठवड्यात फळ्यावर लिहिलं, की ज्यांचे पहिल्या वर्षाचे पेपर राहिलेत त्यांनी कॉलेज सुटल्यावर थांबावं. गणवेशधारी एवढे, पण थांबलो आम्ही मोजके. बाकीच्यांची जीप जायची होती. माझीही जायची होती, पण त्या उघड्या दारातला गुलाबी रंग मला जाऊ देईना.

त्यांनी पहिल्या दिवशी काही शिकवलं नाही. एक प्रश्न दिला. अल्कली धातूंचे चार गुणधर्म लिहा. बाकीच्यांनी दोन-तीन लिहिले आणि पेन चावत बसले. मी सुटलो. पान भरलं, पाठीमागचं भरलं, आणखी एक मागितलं.

मॅडम माझ्या बाकावर येऊन बसल्या आणि वाचायला लागल्या. मधेच थांबल्या.

"हे धातू मऊ असतात की कठीण?"

"तुमाला कोणते पायजेत, मॅडम?"

त्यांनी लाल पेनाला टोपण लावलं. "म्हणजे?"

"मी दोन्ही ठेवलेत. पहिल्यात मऊ हायत, सहाव्यात कठीण हायत. लागल ते ठेवा, दुसरं कापा."

"आणि हे? 'पाण्यात टाकले असता पेट घेतात.' त्याच्याच खाली, 'सुरक्षित राहावेत म्हणून पाण्यात ठेवतात.'"

"व्हय."

"असं ठेवलं तर कॉलेज राहील का?"

"कॉलेजाचं इचारलं नव्हतं, मॅडम. धातूचंच इचारलं होतं."

मागच्या बाकावरची पोरं बाकाखाली गेली. मॅडम हसल्या नाहीत. म्हणजे हसू आलं होतं, पण त्यांनी ते गिळलं. मला म्हणाल्या, "हे असं लिहायला तुला कुणी शिकवलं?"

मी म्हणालो, "कुनी न्हाई. आमच्या बाजारात असंच असतं." आणि मग मी त्यांना भावाचा, कापाकापीचा, चार उरतातच याचा सगळा हिशेब समजावून सांगितला. दुसरी एखादी बाई असती तर तिनं मला वर्गाबाहेर काढलं असतं. ह्या बाईंनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "मला तुमचा बाजार बघायचाय. नाहीतरी घरी गायीला कासरा न्यायचाच आहे."

मला वाटलं, बोलायची गोष्ट आहे. पण पुढच्या बाजाराला ऐन गर्दीत काळीपिवळी जीप थांबली आणि त्यातून मॅडम उतरल्या. मी तेव्हा एका म्हाताऱ्याच्या गळ्यात घुंगरमाळ मारत होतो. हिचा आवाज परभणीत ऐकू जातो, असं सांगत होतो. मॅडम बाजूला उभ्या राहून ते ऐकत होत्या हे मला म्हाताऱ्यानं माळ घेतल्यावर कळलं.

दादांनी पोतं झटकून त्यांना बसायला दिलं. "रामराम, मॅडम."

"जय भीम, काका. एक कासरा द्या. पण माझी एक अट आहे. पहिला भाव सांगायचा नाही. जो शेवटी द्याल तोच आधी सांगा. मी कापणार नाही आणि तुम्ही वाढवायचं नाही."

माझ्या बापानं जवळा बाजारात भल्याभल्या दलालांना पाणी पाजलेलं, पण त्या दिवशी त्यांच्या कपाळावरून असा घाम निघाला की पालासमोरचा फुफाटा ओला झाला आणि बाजारात त्यांनी शिंपण केलं असं लोकांना वाटलं. त्यांनी कासरा उचलला, ठेवला, दुसरा उचलला. इकडं बघितलं, तिकडं बघितलं. मग आवाज इतका खाली घेतला की मॅडमला पुढं वाकावं लागलं, आणि त्यांनी खरा भाव सांगितला.

पलीकडून चाचा काकणं पुसत बघत होते. ते म्हणाले, "क्या भाई, भाव बता रहे हो या गुनाह कबूल कर रहे हो?"

"चाचा, तुमी गप बसा," दादा म्हणाले. "लई अवघड काम हाय हे."

मॅडमनी तेवढे पैसे दिले आणि माझ्याकडं वळून म्हणाल्या, "बघितलंस? तुझे वडील जेवढे घामाघूम झाले, तेवढं तुला परीक्षेत व्हायचंय. परीक्षक घासाघीस करायला बसलेला नाही. त्याच्याकडं ढीग आहे गठ्ठ्यांचा. तो पहिलाच भाव ऐकतो आणि जातो. मऊ आणि कठीण दोन्ही दिसलं की त्याला कळतं, ह्याला दोन्हीतलं एकही माहीत नाही."

हे शेवटचं वाक्य मला लागलं. कारण ते खरं होतं. मला खरोखर माहीत नव्हतं. इतके दिवस जास्तीच्या मुद्द्यांच्या ढिगाखाली माझं न येणं असं झाकून गेलं होतं, की ते माझं मलाच दिसत नव्हतं.

त्या दिवसापासून मॅडमचा नियम सुरू झाला. विचारलं तेवढंच लिहायचं. जास्तीचा एक मुद्दा दिसला की बरोबर असलेला एक त्या कापणार. पहिल्या चाचणीत मी सवयीनं इतका माल ओतला, की कापून कापून मीच त्यांना काही देणं लागायला लागलो. मॅडमनी कागदावर शून्याच्याही खालचा आकडा टाकला. विज्ञानाच्या इतिहासात असं आधी झालेलं नाही, मी चौकशी केलीय.

पण खरी शाळा घेतली ती दादांनी. त्यांना त्या कासऱ्याची गोष्ट लागून राहिली होती. एक दिवस गिऱ्हाईक कमी होतं तर मला म्हणाले, "तुझं ते काय असतंय ते मला सांग बरं. किती मागतात?"

"चार."

त्यांनी चार बोटं वर केली. "हं. सांग."

मी एक सांगितला, त्यांनी एक बोट मिटलं. दुसरा सांगितला, दुसरं मिटलं. चौथ्याला मूठ बंद झाली. मी आपला पाचव्याला तोंड उघडलं, तर दादांनी ती मूठ माझ्या नाकासमोर धरली.

"दुकान बंद हाय," म्हणाले.

मग ते रोजचंच झालं. बाजाराच्या दिवशी पालात, एरवी अंगणात दोर वळताना. दादांना त्यातलं रसायन कळत नव्हतं आणि कळतंय असं त्यांनी कधी दाखवलं नाही. पण मी कुठं ठाम बोलतोय आणि कुठं रेटून बोलतोय, हे त्यांना बरोबर कळायचं. सगळं आयुष्य त्यांनी ह्याच दोन आवाजांत काढलेलं. रेटून बोललो की बोट मिटायचंच नाही. "ह्यो इकायचा आवाज हाय. घ्यायचा सांग." मग मला पुस्तक उघडावं लागायचं. चाचाही मधे मधे तोंड घालायचे. एकदा मी सोडियम घासलेटमध्ये का ठेवतात ते सांगत होतो तर म्हणाले, "बराबर है. मेरी भी घरवाली को गुस्से में पानी नहीं चलता." त्या दिवसानंतर चाचींच्या समोर सोडियमचं नाव काढायची मला बंदी झाली.

खोटं सोडायचं म्हणजे खरं पाठ करायला लागतं, आणि खरं फार असतं. मी असा अभ्यासाला लागलो, की आमच्या अंगणातल्या शेळीला आवर्तसारणीतला पहिला गट पाठ झाला. ती चुकली की मी समजायचो, आपणही चुकलो. गणितासाठी मॅडमनी गणिताच्या सरांना गळ घातली. सर म्हणाले, ह्यानं एका उदाहरणाला एकच उत्तर लिहिलं तर मी ह्याला फुकट शिकवीन. मी एकच लिहिलं. ते चुकीचं होतं. सर तरीही खूश झाले आणि शिकवलं.

आणि मॅडमनी किल्ली आणली. शिपाईमामांच्या शेतात जाऊन, बांधावर उभं राहून आणली. प्रयोगशाळेचं दार उघडलं तेव्हा आतून जी धूळ उठली तिच्यानं तालुक्यात अर्धा तास अंधार होता. आम्ही सगळी काच धुतली. नळी उभी केली, चंबू खाली ठेवला, आणि मॅडम म्हणाल्या, "घे. तोटी तुझ्या हातात."

मी तोटी धरली. थेंब, हलव. थेंब, हलव. पाण्यासारखं पाणी. मग मला राहवेना, म्हणून मी जरा सैल सोडली. चंबू असा भडक गुलाबी झाला, जसं काही कुणी रंगपंचमी खेळून गेलंय. मी अभिमानानं वर बघितलं.

"गेलं," मॅडम म्हणाल्या. "फिका पाहिजे होता. जेमतेम दिसेल न दिसेल असा. एक थेंब जास्त झाला की मागं घेता येत नाही. ओत आणि परत कर."

मी ओतलं आणि परत केलं. परत भडक. परत ओतलं. बाकीची पोरं जीपला गेली. मॅडम खिडकीत बसून वाट बघत राहिल्या. त्यांची जीपही गेली. शेवटी एकदा मी थेंब सोडला, चंबू हलवला, आणि त्या पाण्याला असा काही रंग आला, की डोळे बारीक केल्याशिवाय दिसेना. मी तोटी बंद केली. मॅडमनी चंबू पांढऱ्या कागदावर धरून बघितला.

"हं," म्हणाल्या. "आता आकडा लिही. आणि खरा लिही."

मी आयुष्यात पुष्कळ टाळ्या घेतल्यात. गायी दावं तोडून आलेल्या मी सांगितल्याच. पण त्या एका "हं"ची बराबरी कशालाच नाही.

परीक्षा आली. गणिताचा पेपर झाला, रसायनशास्त्राचा पहिला झाला. दोन्हींत एका प्रश्नाला एक उत्तर लिहून मी बाहेर आलो आणि उपाशी असल्यासारखं वाटलं. दुसऱ्या पेपरात मात्र एक प्रश्न असा आला की पाच कारणं द्या, आणि मला येत होती तीन. तीन लिहिली. घड्याळात वेळ भरपूर. हात शिवशिवायला लागला. दोन तर हवीत, दोनच. खोटी दिसणार नाहीत अशी दोन मी उभ्या उभ्या रचू शकलो असतो. दोन काय, वीस रचली असती. इकडं एवढंही डोक्यात होतं, की हे पेपर गेले तर तिसरं वर्ष गेलं आणि ते दार गेलं. पेन कागदावर टेकलं होतं. आणि मला एकदम वाटलं, की परीक्षक त्या गठ्ठ्यापाशी बसलाय, दमलाय, आणि त्याला माझी पहिली तीन खरी वाटलीत. आता चौथं वाचून तो पहिल्या तिन्हींकडं परत संशयानं बघणार. मी पेन उचललं. खाली दोन ओळी कोऱ्या सोडल्या आणि पुढचा प्रश्न घेतला.

पर्यवेक्षक सर पुरवण्या घेऊन फिरत होते. आमच्याच कॉलेजातले, मला ओळखत होते. माझ्या बाकापाशी येऊन त्यांनी सवयीनं पुरवण्यांचा गठ्ठा सरळ केला.

"किती देऊ?"

"नको, सर."

ते थांबले. वाकून माझ्या डोळ्यात बघितलं. "तब्येत बरी हाय ना, बाप्पा?"

निकाल लागला तो बाजाराचाच दिवस. नेट कॅफेवाल्याकडं मोबाईल नंबर देऊन ठेवला होता, पण तो स्वतःच चालत आमच्या पालापर्यंत आला. तिन्ही निघाले होते. थाटात नाही, आरामात नाही, पण निघाले होते. दादांनी विचारलं, "समदे?" मी म्हणालो, "समदे." त्यांनी हातातला कासरा खाली ठेवला आणि समोरच्या गिऱ्हाईकाला एकदम शेवटचाच भाव सांगून टाकला. गिऱ्हाईक घाबरून निघून गेलं. चाचांनी माझ्या हातात काकणं भरायला घेतली, म्हणाले, तू पोरगी असतीस तर खांद्यापर्यंत भरली असती. मी ती काढून आमच्या मायला नेऊन दिली.

पुढचं वर्ष सोपं होतं असं मी म्हणणार नाही. पहिल्या वर्षाचे ते मार्क गुणपत्रिकेवरून काही केल्या पुसले जात नाहीत, आणि विद्यापीठाची प्रवेशाची यादी लागते तेव्हा ते प्रत्येक पावलाला मागून सदरा ओढतात. तिसऱ्या वर्षात मी चांगला वर चढलो. प्रवेश परीक्षाही बरी गेली. तरी पहिल्या यादीत नाव नाही, दुसऱ्या यादीत नाही. दादा म्हणाले, जाऊन समोर उभा राहा, मानूस दिसला म्हंजी यादी हालते. यादी अशी हालत नसते, हे मला माहीत होतं. पण मी गेलो. शेवटच्या यादीत माझं नाव होतं, खालून शोधलं तर पटकन सापडेल अशा ठिकाणी.

मी त्या विभागाच्या व्हरांड्यातून मॅडमना फोन लावला. उचलला नाही, तासावर असतील. मग त्यांचाच आला. मागं जीपचा आवाज असा, की फोनमधून धूर यायचा बाकी. काळीपिवळीत त्या मधल्या सीटवर दबून बसलेल्या, हात कानापर्यंत नेता येईना, म्हणून त्यांनी फोन मांडीवर ठेवून स्पीकर लावला होता. हे सगळं मला त्यांनी नंतर सांगितलं. तेव्हा मला एवढंच कळलं, की मी मॅडमशी नाही, अख्ख्या जीपशी बोलतोय.

"मॅडम, लागलं नाव."

"काय? जोरात बोल."

माझ्यासारख्याला कुणी जोरात बोल म्हणावं. मी बोललो. त्या व्हरांड्यातली कबुतरं उडाली. "नाव लागलं, मॅडम. रसायनशास्त्राला. शेवटच्या यादीत."

मग एका म्हाताऱ्या बाईचा आवाज आला, अगदी फोनजवळून.

"कशाला लागलं व बाई?"

"विद्यापीठात नंबर लागला, आजी," मॅडम म्हणाल्या.

"कुनाचं पोरगं हाय?"

मी इकडं फोन कानाला दाबून उभा होतो. बापाचं नाव सांगतील, नाहीतर कॉलेजाचं सांगतील, असं मला वाटलं. सांगण्यासारखं तेवढंच होतं.

"आमचंच हाय, माय," मॅडम म्हणाल्या.

जीपमधून कुणीतरी म्हणालं, मग पेढे काहून न्हाई, आणि ड्रायव्हरनं दोनदा हॉर्न दिला. फोन कटला. मी आत गेलो आणि प्रवेशाच्या रांगेत उभा राहिलो.